शुक्रवारचा निरोप

सुवार्ताने सुरीचं टोक कागदाच्या कोपऱ्याखाली घातलं आणि हलकेच वर ओढलं. कोपरा तेवढा हाताला आला; बाकीचा कागद दाराला घट्ट चिकटून राहिला. मैद्याची खळ आठ दिवसांपूर्वी तिनेच शिजवली होती, आणि चांगली दाट शिजवली होती. आता ती ओल्या फडक्याने कागद भिजवत होती, खरवडत होती आणि मधूनमधून बोळाच्या तोंडाकडे बघत होती. शाई पसरली तरी अक्षरं वाचता येत होती. 'सर्व देशांतील भगिनींचा प्रार्थना दिन. सोमवार, दुपारी तीन वाजता.' खाली तिचंच नाव.

गुरुवारची सकाळ होती. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्या बोळात शेजारचे माग केव्हाच सुरू झाले होते. दिवाळी होऊन दहा-बारा दिवस उलटले होते, तरी कुणीतरी उरलेले फटाके उडवत होतं. एक जवळच फुटला तशी सुरी तिच्या हातून निसटली आणि उंबऱ्यावर आपटली.

आदल्या संध्याकाळी तिघे जण आले होते. दोघे अनोळखी, तिसरा पलीकडच्या बोळातला शिवयोगी. तो शाळेत जात होता तेव्हापासून ती त्याला ओळखत होती. तिघांनी चपला बाहेर काढल्या आणि तिने दिलेलं पाणी ते प्यायले. अनोळखी दोघांतल्या मोठ्याने तिचं नाव विचारलं आणि त्याचा अर्थही विचारला. चांगली बातमी, असं तिने सांगितल्यावर तो हसला आणि ते फोनमध्ये लिहून घेतलं. मग परदेशातून कोण येणार आहे, हे विचारलं. कुणी येत नाही, ती म्हणाली. बाप्टिस्ट चर्चच्या मंडळ्यांतल्या बायका त्या दिवशी जगभर आपापल्या ठिकाणी बसतात. आम्ही इथे, त्या तिथे. किती बाया, कुठल्या, मूळच्या कोण, हेही त्याने विचारलं. नऊ जणी, आजोबा-पणजोबांपासून याच मंडळीतल्या, असं तिने सांगितलं. त्याने मान डोलावली आणि जाताना दाराचा फोटो काढला. शिवयोगी सगळा वेळ जमिनीकडे बघत होता.

"सोमवारी आमी पण येऊ की, ताई," मोठा म्हणाला. "बघू तरी काय असतंय."

एवढंच. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. तसं काही केलं असतं तर नवऱ्याला सांगताना तिला निदान रागावता आलं असतं. प्रभुदास दुपारपाळी करून आला, जेवायला बसला, आणि ऐकता ऐकता त्याचा हात ताटातच थांबला. कागद काढून टाक, तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, त्या बायांनाही कळव, येऊ नका म्हणावं.

कागद निघाल्यावर दारावर पांढुरका चौकोन उरला. तिने तो राखेने घासला, तर तेवढी जागा आणखीच उजळली. मग ती आत येऊन मशीनवर बसली. टॉवेलांच्या कडा शिवून द्यायचं तिचं काम होतं आणि बावीस वर्षांत हात त्यावर असा बसला होता की डोळे मिटूनही तिची शिवण सरळ गेली असती. त्या सकाळी दोन सुया मोडल्या. बाहेर मोटारसायकल वाजली की तिचा पाय पायडलवरच थांबायचा, आणि आवाज पुढे निघून गेल्यावरही तो लगेच हलायचा नाही.

सात जणींना तिने फोन करून कळवलं. कुणीही फार विचारलं नाही. काशम्माचा फोन मात्र लागला नाही, आणि बाराच्या सुमाराला ती स्वतःच दारात उभी राहिली. काशम्मा कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीत राहायची. वय सत्तरीला आलेलं, कारखान्यात विड्या देऊन परतताना ती कधी कधी इकडे वळायची. मंडळीतल्या बायकांचं भगिनी मंडळ तिने तीस वर्षं चालवलं आणि गुडघे दुखायला लागल्यावर सुवार्ताच्या हाती दिलं. प्रार्थना करताना तिचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा.

दोघी नेहमी घरची तेलुगू आणि सोलापूरची मराठी मिसळून बोलायच्या. सुवार्ताने तिला पाणी दिलं, झालेलं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "म्हणून सोमवारचं राहू द्या म्हणते."

काशम्माने पाणी संपवलं. पदराने तोंड पुसलं. मग तिने एवढा मोठा श्वास सोडला की खांदे खाली आले.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "मी न्हाईतरी येणारच नव्हते. आमच्या हितं बी इचारून गेलेत."

घाबरू नकोस, असं काशम्मा म्हणाली असती तर सुवार्ताला मनातून तिचा रागच आला असता. पण काशम्मा तसं म्हणेल, हे तिने धरून ठेवलं होतं. जिन्याच्या कठड्यावर हात टाकावा आणि तिथे कठडाच नसावा, तसं तिला झालं.

काशम्मा चहा न घेता गेली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. शुक्रवार हा पारूताईचा वार होता.

तिचं खरं नाव पार तियल. म्यानमारच्या डोंगरांतली, मिझोरामच्या पलीकडची. दोन वर्षांपूर्वी आशियातल्या बाप्टिस्ट स्त्रियांचा मेळावा थायलंडला भरला होता. तिथे प्रत्येक मंडळाने दुसऱ्या देशातल्या एका मंडळासाठी प्रार्थना करायची असं ठरलं आणि चिठ्ठ्या काढल्या. सोलापूरच्या वाट्याला ते डोंगरातलं गाव आलं. हैदराबादच्या एका बाईंनी चिठ्ठी आणि फोन नंबर पाठवला. एकमेकींची भाषा येत नव्हती, इंग्रजी दोन्हीकडे कुणाला धड येत नव्हतं, म्हणून त्या आपापल्या भाषेत आवाज पाठवू लागल्या. दर शुक्रवारी दुपारी तिकडून अर्ध्या मिनिटाचा, एक मिनिटाचा निरोप यायचा. एका बाईचा ठाम, खणखणीत आवाज, मागे कोंबड्या, कधी दोन ओळी गाणं. मंडळातल्या बायका फोन मधोमध ठेवून तो ऐकायच्या. शब्द एकही कळायचा नाही. देवाला कळतं न्हवं, मग झालं, असं काशम्माने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. मग सुवार्ता तेलुगूत उत्तर पाठवायची आणि काशम्मा पाठीमागून जोरात 'आमेन' म्हणायची.

पारूताईने एकदा फोटो पाठवला होता. पत्र्याच्या छपराच्या देवळासमोर, म्हणजे त्यांच्या चर्चसमोर, सात बायका, कमरेला हातमागावरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या लुंग्या. मधोमध उभी ती पारूताई, हे न सांगताही कळत होतं. मान ताठ, पाय रोवून उभी.

गेले तीन शुक्रवार निरोप आला नव्हता. सुवार्ताची मुलगी अंकिता नर्सिंग शिकत होती. तिने फोनवर बातम्या बघून सांगितलं होतं की तिकडच्या गावांवर विमानं बॉम्ब टाकतात, शाळेवर टाकले, देवळावरही टाकले. तेव्हापासून सुवार्ताच्या मनात एक चित्र तयार झालं होतं. वर विमानं घोंघावतायत आणि खाली पारूताई मान ताठ ठेवून त्याच खणखणीत आवाजात प्रार्थना करतेय. त्या शुक्रवारी सकाळी ते चित्र तिला बघवेना. त्या बाया बॉम्बखाली बसतात, आणि तू एका फोटोला घाबरून कागद खरवडलास. तिने फोन उचलला, पारूताईचं नाव काढलं, आणि काही न बोलता फोन पालथा घालून ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने निरोप पाठवला नाही.

त्या दिवशी बायकांपैकी कुणी आलं नव्हतं. तीनच्या सुमाराला फोन वाजला. तिकडून आवाज आला होता. सव्वादोन मिनिटांचा.

तिने दार लावून घेतलं आणि फोन कानाशी धरला. आधी नुसता श्वास. मग अगदी हलका आवाज, कुणी पांघरुणाखालून बोलावं तसा. कोंबड्या नाहीत, गाणं नाही. हा आवाज पारूताईचा आहे हे पटायला तिला अर्धा निरोप ऐकावा लागला. एक शब्द तीनदा आला. शेवटी ती थांबली, काही तरी गिळल्यासारखं केलं, आणि निरोप तुटला.

सुवार्ताने तो पाच वेळा ऐकला. देवाला कळत असेल. पण या वेळी तेवढ्यावर तिचं भागेना. त्या बाईचं कुणीतरी गेलं असेल. ती मदत मागत असेल. आम्हाला तिथून बाहेर काढा, असं म्हणत असेल, आणि आपण इथे 'आमेन' म्हणायचं.

संध्याकाळी अंकिता घरी आली तेव्हा आई बायबल मांडीवर बंद करून बसलेली होती. आईने निरोप ऐकवला. अंकिता म्हणाली, या महिन्यात तिची ड्युटी ज्या वॉर्डात होती तिथल्या सिस्टर मिझोरामच्या आहेत, लालरिनपुई नावाच्या. त्यांना कळलं तर कळेल.

शनिवारी दुपारी दोघी हॉस्पिटलात गेल्या. सिस्टर रिनपुई ठेंगणी, चाळिशीची बाई होती. ती स्वतःही मिझोराममधल्या लुंगलेईच्या बाप्टिस्ट मंडळीतली निघाली, आणि ते कळल्यावर तिने सुवार्ताचे दोन्ही हात हातात घेतले. कॅन्टीनच्या मागच्या बाकावर ती बसली, फोन कानाला लावला आणि निरोप संपेपर्यंत भिंतीकडे बघत राहिली. मग परत पहिल्यापासून लावला. बोली आमच्याजवळची आहे, ती हिंदीत म्हणाली, सगळं नाही, पण बरंचसं कळतं.

मग एकेक वाक्य ऐकून, थांबून, ती सांगत गेली. गाव सोडून चार आठवडे झाले. आता रानात आहेत, बारा-तेरा घरची माणसं. पहिल्या शुक्रवारी बायका झाडाखाली प्रार्थनेला बसल्या. तेवढ्यात विमानाचा आवाज आला आणि सगळ्या पळाल्या. एका म्हातारीला मागे टाकून पळाल्या. विमान दुसरीकडे गेलं, म्हातारीला काही झालं नाही. पण तेव्हापासून कुणी एकत्र बसायला तयार नाही.

सिस्टर थांबली. पुढचं सांगावं की नाही, असा तिचा चेहरा झाला.

"पुढे?" सुवार्ताने विचारलं.

"पुढे ती स्वतःबद्दल बोलतेय. म्हणते, सगळ्यांच्या पुढे मीच पळाले. मी पुढारी आहे, आणि मीच पुढे पळाले. आता प्रार्थनेला तोंड उघडते तर आवाज येत नाही. तीन आठवडे मी केलेलीच नाही. बायकांना सांगते, मी करते तुमच्यासाठी. खोटं सांगते." सिस्टरने शेवटचं वाक्य पुन्हा ऐकलं. "आणि म्हणते, हे मी इथे कुणाला सांगू शकत नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्हाला माझी भाषा कळत नाही."

अंकिता खाली बघू लागली. आतून कुणीतरी पेशंटच्या नातेवाइकाचं नाव मोठ्याने पुकारलं. सुवार्ता दचकली नाही. ती फोनकडे बघत होती, दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखी.

सिस्टर हळू आवाजात म्हणाली की हवं तर मी तिला उत्तर पाठवते, तिला समजेल अशा भाषेत. तिला धीर येईल.

"नको," सुवार्ता म्हणाली. फार पटकन म्हणाली, म्हणून तिने पुन्हा सांगितलं, "नको सिस्टर. मला कळलं हे तिला कळता कामा नये."

सोमवारी तीन वाजायच्या आधीच तिने दार उघडं टाकलं. बंद दार बघून ते आत काय चाललंय विचारतील, त्यापेक्षा उघडं बरं. शिवून झालेल्या टॉवेलांचा ढीग तिने चटईवर ओतला आणि घड्या घालायला बसली.

पावणेतीनला करुणम्मा आली. गुंडीला टाका घालून देतेस का, म्हणाली आणि बसली. मग मार्था आली. ती एका शाळेत स्वयंपाकाला होती. हातात रिकामी वाटी, साखर मागायला आल्यासारखी. साखर घेतली आणि तीही बसली. तीनला पाच मिनिटं कमी असताना काशम्मा आली. तिने काहीच कारण सांगितलं नाही. भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून बसली आणि एक टॉवेल मांडीवर ओढला. बाकीच्या पाच जणी आल्या नाहीत. प्रार्थनेचं नाव कुणी काढलं नाही. चौघी घड्या घालत राहिल्या.

तीन वाजून गेल्यावर मोटारसायकल आली. आवाज दारापाशी थांबला. करुणम्माच्या हातातली घडी उलगडली.

आज दोघेच होते, तो मोठा आणि शिवयोगी. मोठ्याने दारावरच्या उजळ चौकोनाकडे पाहिलं, मग आतल्या बायकांकडे. फोन हातात होताच.

"कार्यक्रम न्हाय व्हय?" त्याने विचारलं.

"नाही," सुवार्ता म्हणाली.

"आणि या?"

"टॉवेलाच्या घड्या घालायला आल्यात."

तो बराच वेळ बघत उभा राहिला. काशम्माने मान वर केली नाही. मार्थाने साखरेची वाटी पदराखाली घेतली, जणू तीच काही चोरीची असावी. शेवटी शिवयोगी हळूच म्हणाला, चला की, काही न्हाय हितं. ते गेले, पण आवाज लांब गेला नाही. बोळाच्या तोंडाशी जाऊन गाडी बंद झाली.

'नाही' हा शब्द अजून सुवार्ताच्या तोंडात होता, कडू गोळीसारखा. तिने मशीनवरचा फोन ओढून घेतला, भिंतीकडे तोंड केलं, पारूताईचं नाव काढलं आणि बोट दाबून धरलं.

"पारूताई, मी सुवार्ता," ती तेलुगूत म्हणाली. "शुक्रवारी मी निरोप पाठवला नाही. मी घाबरले होते. दारावरचा कागद मी माझ्या हाताने काढला. आत्ता ते येऊन विचारून गेले, तर मी नाही म्हणाले. देवाच्या दिवशी नाही म्हणाले. दर शुक्रवारी तुम्ही माझा आवाज ऐकता ना, तेवढा मोठा माझा जीव नाही. मला रात्रंदिवस भीती वाटते. मोटारसायकल वाजली तरी वाटते. एवढंच," ती म्हणाली आणि बोट उचललं.

मागे घड्यांची सळसळ थांबली होती. तेव्हा तिच्या लक्षात आलं की पारूताईला यातला शब्द कळणार नव्हता, आणि या तिघींना मात्र सगळा कळला होता. तिला वळवेना.

"दे हिकडं," काशम्मा म्हणाली.

सुवार्ताने फोन दिला. कुठे दाबायचं ते काशम्माने विचारून घेतलं आणि फोन खाऊच्या पानासारखा तळहातावर ठेवून त्याच्यावर वाकली.

"काशम्मा बोलतीय. कुंभारीची. आज माझं पोट दुखतंय म्हणून सांगणार होते मी या पोरीला." ती थोडं थांबली. "पोट दुखत न्हाय."

तिने फोन पुढे केला. मार्थाने आधी मान हलवली, मग घेतला. शाळेत मी वेगळं नाव सांगितलंय, ती म्हणाली. सहा वर्षं झाली, तिथं मला कुणी मार्था म्हणत नाही, आणि परवा तिथल्या बायका आपल्याबद्दल बोलत होत्या तेव्हा मीही हसले. एवढं बोलून तिने तो करुणम्माच्या हातात ठेवला. करुणम्मा बोललीच नाही. बोट दाबून बसली, श्वास तेवढा ऐकू येत राहिला, मग तिने बोट उचललं आणि तोही निरोप गेला.

कुणी कुणाकडे बघितलं नाही. कुणी आमेन म्हटलं नाही. घडी घालता घालता काशम्माने विचारलं, तिकडच्या बाईचा निरोप आला का शुक्रवारी, अंकिताकडनं काही कळलं का.

"रानात आहेत," सुवार्ता म्हणाली. "जिवंत आहेत सगळ्या. तुम्हाला सलाम सांगितलाय."

काशम्माने तिच्याकडे नीट पाहिलं, पण पुढे विचारलं नाही. चार वाजता मार्था आणि करुणम्मा एकेक करून गेल्या. काशम्मा उठली, भिंतीला धरून गुडघे सरळ केले, उंबऱ्यावर येऊन चपला पायात सरकवल्या. बोळाच्या तोंडाशी गाडी अजून उभी होती; शिवयोगी तिच्यावर एकटाच बसला होता.

"मागच्या बोळानं जावा काशम्मा," सुवार्ता म्हणाली. "मी येते सोडायला."

काशम्मा काही तरी दुसराच विचार करत होती.

"त्या बाईला आपलं काही कळत न्हाय, व्हय गं? नक्की?"

"नाही कळत."

"मग शुक्रवारी येते मी," काशम्मा म्हणाली. "मला अजून एक सांगायचंय."

आणि गाडी उभी होती त्याच बाजूने ती लंगडत चालू लागली.